भानामतीच्या घरात शिरणारी माणसं

दिवेलागणीला कौलांवर दगड पडायला लागतात. दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेलं लुगडं पेटतं. पिठाच्या डब्यात राख निघते, शिजलेल्या भातात केस सापडतात, धाकट्या पोरीच्या दंडावर काळ्या फुल्या उमटतात. चार दिवसांत अख्खं गाव अंगणात गोळा होतं. कुणीतरी देवऋषाला घेऊन येतो आणि देवऋषी घरातल्याच नाहीतर शेजारच्या एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटक-तेलंगणाच्या पट्ट्यात याला भानामती म्हणतात. महाराष्ट्राच्या इतर भागांतही हे प्रकार होतात.

अशा घरात शिरून शोध घेण्याचं एक कसब महाराष्ट्रात घडत गेलं. केरळात जन्मलेले आणि श्रीलंकेत वनस्पतीशास्त्र शिकवणारे अब्राहम कोवूर यांनी झपाटलेल्या घरांचा छडा लावून दाखवला होता. पुढे इथे श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. 1989 साली साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीचे कार्यकर्ते बहुतांशी शिक्षक, कारकून, विद्यार्थी, निवृत्त माणसं. पदरचं भाडं भरून, सुट्टीच्या दिवशी, कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून ते त्या गावी पोचतात.

त्यांचं गृहीतक एकच: माणसाचा हात लागल्याशिवाय दगड उडत नाही आणि कापड पेटत नाही. आधी घरच्यांना अटी सांगितल्या जातात. देवऋषी, मांत्रिक बंद. तपासाला सगळ्यांनी साथ द्यायची आणि प्रत्येकाशी एकट्याने बोलू द्यायचं. मग बारीक चौकशी सुरू होते. पहिला प्रकार कुठल्या दिवशी घडला? त्याच्या आधी घरात काय झालं होतं? कापड पेटलं तेव्हा कोण कुठे होतं? घराला कुलूप लावून सगळे शेतावर गेले, तेव्हा काही घडलं का? या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळदा घरातले लोक थबकतात, कारण रिकाम्या घरात भानामती होत नाही. बघे चौफेर नजर ठेवून बसले की तीही थांबते आणि लक्ष जरा ढळलं की पुन्हा सुरू होते.

साधनं अगदी साधी असतात. काडेपेटी, चुलीतली राख, अंगणातला खडा. दंडावरच्या फुल्या बिब्ब्याच्या चिकाने उठतात. चीक लागला की कातडी काळी पडते आणि फोड येतो. मुलाच्या डोळ्यांतून खडे पडत असतील, तर ते आधी पापणीच्या आत सारलेले असतात.

खरी कसोटी मात्र एकांतातल्या बोलण्यात लागते. समोर बसलेली असते ती बहुतेक वेळा नवी सून, शाळा सुटलेली मुलगी, नाहीतर घरात कुणाच्याच खिजगणतीत नसलेलं एखादं पोर. लग्न मनाविरुद्ध झालेलं असतं. मूल होत नाही म्हणून टोमणे चाललेले असतात. कधी सांगता न येण्यासारखा छळ असतो. उघड बोलायची सोय नसलेल्या माणसाला दगड मारता येतो आणि त्या दगडाने अख्खं घर हादरतं. क्वचित एखाद्याला आपण हे करतो याचं भानही नसतं, तिथे मनोविकारतज्ज्ञाची गरज लागते. कार्यकर्ता दरडावत नाही. तुझी अडचण आम्हाला कळली, आम्ही ती घरात मांडू, तुझं नाव कुणाला कळणार नाही, एवढं तो सांगतो. बहुतेक घरांत त्याच रात्रीपासून दगड थांबतात.

आणि नाव खरंच सांगितलं जात नाही. घरचे हट्ट धरतात, गाव पारावर वाट पाहत असतं, पत्रकार विचारतात, तरी नाही. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. गुन्हेगार उघडा पाडण्यात तपास संपतो, अशी आपल्या रहस्यकथांची सवय. पुरावा न दाखवता निकाल कसा मानायचा, असा आक्षेपही घेतला जातो आणि तो अगदीच गैर नाही. पण नाव फुटलं तर त्या सुनेचं काय होईल, हे गावात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. सत्य कळल्यावरही ते पोटात ठेवण्याची ही शिस्त मला चमत्काराची हातचलाखी उलगडून दाखवण्याहून कितीतरी मोठी वाटते.

20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात विठ्ठल रामजी शिंदे पुलावर दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. वर्षानुवर्षे रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. 10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले. कटाचा सूत्रधार कोण, हे सिद्ध झालं नाही. भुताखेतांच्या गोष्टींपेक्षा हे न उलगडलेलं रहस्य महाराष्ट्राला जास्त अस्वस्थ करायला हवं.

समितीचं काम चालूच आहे. तुमच्या गावात, भावकीत कुणाच्या घरी असे प्रकार सुरू झाले तर देवऋषाला बोलावू देऊ नका, गर्दी जमू देऊ नका आणि समितीच्या जवळच्या शाखेला कळवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधून घालणं, मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हा सहा महिने ते सात वर्षं कैदेचा गुन्हा आहे. असं काही दिसलं तर पोलीस ठाण्यात जा. आणि त्या घरातलं सगळ्यांत गप्प माणूस कोण आहे ते पाहा, त्याच्याशी आधी बोला.