बाहुलीचे केस

लहानपणीच्या बाहुल्यांचा विषय निघाला की बोलणं फ्रॉकवर फार रेंगाळत नाही, लगेच केसांवर येतं. हा नुसता हळवेपणा नव्हे. बाहुलीचे डोळे, हसू, हातपाय सगळं कारखान्यातूनच ठरून येतं. मुलीच्या मर्जीवर सोडलेले असतात ते केस. आपल्याकडची लाकडी ठकी घ्या. तिचं लग्न लावता येई, वेणी घालता येत नसे, कारण केस लाकडावरच रंगवलेले. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी बाहुल्यांना अंगोरा बकरीच्या लोकरीचे किंवा माणसाच्या केसांचे टोप असत, पण एवढी महागाची वस्तू मुलांना मनसोक्त पिंजारायला कोण देणार? प्लास्टिकने ती मुभा दिली. 1959 मध्ये आलेल्या बार्बीच्या मऊ व्हिनाइलच्या डोक्यात सरान या कृत्रिम धाग्याचे झुबके यंत्राने शिवलेले होते. आता केस धुवा, विंचरा, बांधा. मात्र झुबके ओळींनी शिवलेले, मधली जागा मोकळी. वरचे लांब केस ती झाकत. कात्री चालली की टाळूवर भोकांच्या रांगा उघड्या पडत. शिवाय धाग्याला मुळाकडून तेल मिळत नाही. टोकं घासून पिंजली की गुंता कायमचा. बाहुलीच्या अंगावर मुलीने केलेला, परत न फिरणारा बदल बहुधा हाच, म्हणून तो लक्षात राहतो.

ही ओढ जाहिरातींनी लावली, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. 1992 ची पायघोळ केसांची ‘टोटली हेअर’ बार्बी एक कोटीहून जास्त खपली. पण कंपन्या विकत होत्या कंगवे आणि जेल. कात्रीची कल्पना मुलांची स्वतःची. 1969 च्या क्रिसी बाहुलीच्या पोटावरचं बटण दाबून केस ओढले की ते लांब होत, पाठीवरची चकती फिरवली की आत जात. लांबी बदलायची हौस होतीच, कंपनीने तिला फक्त परतीची वाट दिली.

सोनेरी केसांनी सौंदर्याचं एकच माप मुलींच्या मनात रुजवलं, हा आक्षेप जास्त जड आहे. पहिली बार्बी काळसर केसांतही मिळत असे, पण बार्बी याच नावाची कृष्णवर्णीय बाहुली यायला 1980 उजाडलं. डिझायनर किटी ब्लॅक पर्किन्स यांनी तिला आखूड, कुरळे केस दिले. लांब सरळ केसांतून कंगवा सहज फिरतो, म्हणून खेळालाही तेच सोयीचे. तेव्हा विंचरण्याचा तो आनंद अगदीच निष्पाप होता, असं मला म्हणवत नाही.