तिकीट वरच्या वर्गाचं, जागा मात्र खालची!

मंडईत काट्याचं पारडं जरासं वर राहिलं की आपण लगेच म्हणतो, "अहो, वजन नीट करा!" दूधवाल्याने खाडा धरला नाही तर महिनाअखेरीला कॅलेंडरवरची खूण दाखवून तो वळता करून घेतो. यात कंजूषपणा काही नाही, संसार असाच चालतो. मग याच आपण विमानतळावर गेलो की इतक्या मुक्या का होतो? वीस-पंचवीस हजारांचं तिकीट हातात असतं. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणते, "सॉरी मॅडम, तुमची सीट बदलली आहे," आणि आपण "बरं" म्हणून पुढे सरकतो. नीट पाहिलं तर नुसती सीट बदललेली नसते, वर्गच बदललेला असतो. पैसे मोजले बिझनेस क्लासचे आणि बसायचं इकॉनॉमीत!

विमानप्रवास आता मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही. कुणाचे यजमान कंपनीच्या कामासाठी दर आठवड्याला दिल्ली-बंगळूरच्या फेऱ्या मारतात. कुणी स्वतःच ऑफिसच्या बैठकांसाठी सकाळी जाऊन रात्री परत येते. कुणाच्या सासूबाई मुलाकडे परदेशी निघतात आणि त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मुलाने पदरमोड करून वरच्या वर्गाचं तिकीट काढलेलं असतं. म्हणून हा विषय आपल्याही माहितीचा हवा.

असं होतं तरी का?

कारणं साधारण तीन. पहिलं, ऐनवेळी विमान बदलतं. मोठ्या विमानाऐवजी लहान येतं आणि त्यात वरच्या वर्गाच्या जागा कमी असतात, कधीकधी नसतातच. दुसरं, एखादी खुर्ची नादुरुस्त असते. पाठ सरळ होत नाही, पट्टा लागत नाही, अशा खुर्चीवर प्रवासी बसवता येत नाही. तिसरं कारण म्हणजे जागांपेक्षा जास्त विकलेली तिकिटं. काही प्रवासी येणारच नाहीत असा कंपनीचा अंदाज असतो. तो चुकला की कुणाला तरी मागे बसावं लागतं.

हा "कुणीतरी" कोण, ते कसं ठरतं? इथेच खरी मेख आहे. वारंवार उडणाऱ्या मंडळींना विमान कंपन्या चांदीची, सोन्याची कार्डं देतात. हे लोक महिन्यातून चार वेळा येणारे, त्यांना दुखवून कसं चालेल? म्हणून ज्यांच्याकडे कार्ड नाही, ज्यांचं तिकीट सवलतीच्या दराचं आहे, जे एकटेच आहेत किंवा उशिरा काउंटरवर आले आहेत, त्यांच्यावर सहसा आधी पाळी येते. म्हणजे रोज उडणारे यजमान बहुधा वाचतात आणि आयुष्यात पहिल्यांदा वरच्या वर्गात बसायला निघालेल्या आपल्या आई किंवा सासूबाई सापडतात.

पण लक्षात ठेवा, जागा देताना कार्डाला मान मिळत असेल, तरी पैसे परत मिळण्याचा हक्क कार्डाचा नसतो. तो तिकिटाचा असतो.

नियम काय सांगतो?

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने याबाबतचा नियम जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू झाला. प्रवाशाची इच्छा नसताना त्याला तिकिटापेक्षा खालच्या वर्गात बसवलं, तर कंपनीने करासहित तिकिटाच्या किमतीचा ठरावीक हिस्सा परत द्यायचा, असा तो नियम. देशांतर्गत प्रवासासाठी हा हिस्सा ७५ टक्के आहे. परदेश प्रवासात तो अंतरावर ठरतो.

१५०० किलोमीटरपर्यंत : ३० टक्के (उदाहरणार्थ चेन्नई ते कोलंबो)
१५०० ते ३५०० किलोमीटर : ५० टक्के (मुंबई ते दुबई)
३५०० किलोमीटरच्या पुढे : ७५ टक्के (मुंबई ते सिंगापूर किंवा लंडन)

आता या टक्केवारीचं महत्त्व बघा. नियम माहीत नसला की काउंटरवर आपल्याला "फरक" देऊ करतात. समजा, दिल्लीचं बिझनेस क्लासचं तिकीट तुम्ही २४,००० रुपयांना काढलंत. कंपनी म्हणते, "आजच्या भावाने इकॉनॉमीचं तिकीट १९,००० रुपयांचं आहे, म्हणून तुमचे ५,००० परत." ऐकायला हिशेब बरोबर वाटतो. पण ऐनवेळचं तिकीट नेहमीच महाग असतं, त्याच्याशी तुलना केली तर आपल्या हाती काय उरणार? नियमाप्रमाणे २४,००० च्या ७५ टक्के, म्हणजे १८,००० रुपये व्हायला हवेत. पाच हजार कुठे आणि अठरा हजार कुठे!

एक खुलासा इथेच करते. खिडकीजवळची जागा जाऊन मधली मिळाली, किंवा पाय पसरायला जादा जागा असलेली सीट गेली, तर तो वर्गबदल नव्हे. तिथे त्या सीटसाठी वेगळे भरलेले पैसे परत मागायचे. तसंच, कंपनीने कौतुकाने फुकट वरचा वर्ग देऊ केला आणि मग काढून घेतला, तर हा नियम लागत नाही. तुमच्या तिकिटावर जो वर्ग आहे तोच खरा.

युरोप-अमेरिकेला जाताना

युरोपीय संघात असा नियम फेब्रुवारी २००५ पासून आहे. तिथेही ३०, ५० आणि ७५ टक्के अशाच पायऱ्या आहेत आणि पैसे सात दिवसांत द्यायचे असतात. युरोपातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. भारतातून तिकडे जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचं हवं. ब्रिटनने संघ सोडल्यावरही हेच टक्के आपल्या कायद्यात ठेवले आहेत. पॉइंट साठवून काढलेल्या तिकिटांनाही युरोपचा नियम लागू आहे.

पण टक्केवारी कशावर धरायची? हा वाद युरोपच्या न्यायालयात गेला होता. एका प्रवाशाच्या तिकिटात अनेक टप्पे होते, त्यांतल्या ड्युसेलडॉर्फ ते दुबई या एकाच टप्प्यावर त्याला पहिल्या वर्गातून बिझनेस क्लासमध्ये बसवलं. २०१६ साली न्यायालयाने सांगितलं, की टक्केवारी पूर्ण तिकिटावर नाही, ज्या टप्प्यावर वर्ग उतरवला त्याच टप्प्याच्या किमतीवर धरायची. जे कर वर्गावर अवलंबून नाहीत, तेही त्यात धरायचे नाहीत. तेव्हा जायच्या-यायच्या तिकिटावर एकाच बाजूला असं झालं, तर संपूर्ण रकमेची आशा धरू नका.

अमेरिकेत टक्केवारी ठरलेली नाही. खालच्या वर्गात बसून प्रवास केला तर भाड्यातला फरक मिळतो. २०२४ च्या नियमाप्रमाणे असा बदल नामंजूर करून प्रवासच केला नाही, तर तिकिटाचे पैसे परत मागता येतात.

सही करण्यापूर्वी चष्मा लावा

आमच्या परिचयातल्या एक आजी मुलाकडे फ्रँकफुर्टला निघाल्या होत्या. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, म्हणून बिझनेस क्लास. मुंबईच्या विमानतळावर त्यांना कळलं की खुर्ची नादुरुस्त आहे, मागे बसावं लागेल. "चार लोकांत तमाशा कशाला?" म्हणून आजी तयार झाल्या. काउंटरवरच्या माणसाने पुढच्या प्रवासात वापरायचं एक कूपन आणि एक कागद पुढे केला, "इथे सही करा." आजी म्हणाल्या, "माझा चष्मा मोठ्या बॅगेत गेला, वाचल्याशिवाय मी सही करीत नाही." कूपन राहिलं, सहीही राहिली. पंधरा दिवसांनी सुनेने बोर्डिंग पास जोडून त्या युरोपीय कंपनीला पत्र लिहिलं आणि त्या टप्प्याच्या भाड्याचे ७५ टक्के मुलाच्या खात्यात जमा झाले. आठ तास अवघडून बसलेले गुडघे काही परत मिळत नाहीत, पण मुलाची पदरमोड तरी वाया गेली नाही.

आजींच्या चष्म्याने मोठं काम केलं. "मी स्वखुशीने खालचा वर्ग घेत आहे" किंवा "पैशांऐवजी कूपन मान्य आहे" अशा मजकुरावर सही झाली, की पुढे भांडायला जागा राहत नाही. विमानात बसणं म्हणजे खुशीने मान्य करणं नव्हे. जायचं असेल तर अवश्य बसा, पण कागदावर नुसती संमती देऊ नका.

काउंटरवर आवाज चढवायचीही गरज नाही. शांतपणे एवढंच म्हणा, "हे इन्व्हॉलंटरी डाउनग्रेड आहे, तसं मला लिहून द्या, कारणासकट." हे शब्द ऐकले की समोरच्यालाही कळतं, बाईंना नियम माहीत आहे.

जपून ठेवायचे कागद

- मूळ तिकीट, त्यावर वर्ग आणि करासहित रक्कम दिसली पाहिजे.
- जुना आणि नवा, दोन्ही बोर्डिंग पास. फोनवरचा पास बदलला की जुना दिसेनासा होतो, म्हणून आधीच त्याचा फोटो काढून ठेवा.
- कंपनीने लिहून दिलेला कागद. तो नाकारला, तर वेळ आणि काउंटर क्रमांक टिपून ठेवा.
- पैसे भरल्याची नोंद.

यजमान सतत फिरतीवर असतील तर या कागदांसाठी एक वेगळी फाइल करा. लाइट बिलं आणि शाळेच्या फीच्या पावत्या आपणच सांभाळतो ना? त्यातच ही एक भर.

पैसे कुणाचे?

हा नाजूक प्रश्न आहे. तिकीट ऑफिसने काढलं असेल, तर परत येणाऱ्या पैशांवर पहिला हात ऑफिसचाच मानावा. "त्रास मला झाला, पैसे माझे," असं म्हणून गुपचूप ठेवून घेतले आणि पुढे हिशेब तपासताना ते निघाले, तर पाच-दहा हजारांपायी नोकरीवर डाग यायचा. यजमानांना सांगा, आधी विचारा, मग ठेवा. घरच्या पैशांचं तिकीट असेल तर मात्र एक पैसाही सोडू नका. तिकीट एजंटाकडून घेतलं होतं म्हणून कंपनी हात झटकू लागली, तरी ऐकू नका. एजंट तिचाच प्रतिनिधी असतो, पैसे परत देण्याची जबाबदारी कंपनीचीच.

दाद कुठे मागायची?

आधी कंपनीला लेखी तक्रार करा. तारीख, विमान क्रमांक, तिकिटावरचा वर्ग, प्रत्यक्ष मिळालेला वर्ग आणि मागणीची रक्कम, या पाच गोष्टी पहिल्याच परिच्छेदात असू द्या. मनस्ताप नंतर लिहा, आकडे आधी! उत्तर आलं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि सरकारच्या एअरसेवा या सोयीवर तक्रार नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एवढ्यानेही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. सातारच्या बाईला त्यासाठी मुंबईला खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, "बघू नंतर" म्हणत ती घालवू नका.

मैत्रिणींनो, परत मिळालेली रक्कम लहान असो वा मोठी, ती कुणी केलेली मेहेरबानी नसते. घरातल्या कुणाचं तरी राबणं त्या तिकिटात गेलेलं असतं. पुढच्या खेपेला घरातलं कुणी विमानतळावर निघालं, की पासपोर्ट, औषधं आणि डबा घेतला का विचारताना आणखी एक वाक्य जोडा, "जागा बदलली म्हणाले, तर लिहून घे आणि वाचल्याशिवाय सही करू नकोस."