मधमाशी, विंचू आणि हातातला वेळ

इंदुरात मधमाशी चावली की आपण आधी चुना शोधतो. त्यापेक्षा कातडीत अडकलेला काटा लगेच काढावा, कारण त्यातून विष आत जात राहते. नखाने काढा की चिमट्याने, उशीर नको. मग जागा साबणाने धुवावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा, सूज येण्याआधी अंगठी-बांगडी उतरवावी. अंगभर पित्त उठले, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर १०८ ला फोन करावा.

विंचवाचे वेगळे. सुट्टीत आपली मंडळी कोकणात जातात. तिथल्या लाल विंचवाचे विष हृदयावर परिणाम करते. वेदना कमी म्हणजे धोका कमी, असे नाही. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही खरी लक्षणे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध यावर वापरून असंख्य प्राण वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण ते औषध दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचे. म्हणून विंचू उतरवणाऱ्याची वाट पाहू नये, चिरा देऊ नयेत, घट्ट बांधू नये. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता थेट जवळचा दवाखाना गाठावा. मुलांच्या बाबतीत तर क्षणही दवडू नये.