पावसाळा सरला, आता कुंड्यांकडे बघा



एकरांनी ऊस लावणाऱ्याला कुंडीचे काय कौतुक, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. मीही म्हणत होतो. पण आमची ताई चंद्रपूरला असते. दाजी कोळसा खाणीत नोकरीला. क्वार्टरपुढे फरशीचे चार हाताचे अंगण, आणि त्यात वीसेक कुंड्या, फुटके माठ, तेलाचे डबे. जन्म मळ्यात गेलेल्या बाईला तेवढीच शेती! मागच्या वर्षी भाचीला डेंग्यूचा ताप आला आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. पाहणी झाली तेव्हा डासांच्या अळ्या सापडल्या त्या याच कुंड्यांखालच्या ताटल्यांत. दाजी म्हणाले, सगळ्या कुंड्या फेकून देतो. ताईने मला बोलावून घेतले.

चंद्रपूरचे हवामान आपल्यासारखे नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर, आणि पावसाळ्यात पाऊस धो धो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी या गावी धम्मदीक्षा दिली, त्यामुळे दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर माणसांचा पूर लोटतो. साधारण त्याच सुमारास पाऊस परततो. दिवसा ऊन चटका देते, रात्री गारवा येऊ लागतो. कुंडी नव्याने भरायची ती याच दिवसांत.

पहिले काम डासांचे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठलेल्या पाण्यातच वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी आटले तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, ताटली काथ्याने घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा आठवड्यातून एक दिवस ताटल्या, कूलरची टाकी, रांजण सगळे कोरडे करायचे. ताईने रविवार ठरवला. निम्म्या ताटल्या तर आम्ही काढूनच टाकल्या आणि कुंड्या विटांवर ठेवल्या.

मग कुंड्या उपड्या करायला घेतल्या. शेजारच्या मावशी कुंपणावरून म्हणाल्या, “काहून जी भाऊ, चांगलं झाड काहून उपटता?” झाड वरून चांगले दिसत होते खरे. पण आदल्या दिवशी पाणी घालून, कुंडी उलटी धरून काठ ठोकला, तशी मुळांची नुसती चुंबळ हातात आली. खालचे भोक मुळांनी बुजलेले. चार महिन्यांच्या पावसाने मातीतला कस धुऊन गेलेला. त्यात वर्धा नदीकाठची काळी माती. ही माती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मधले मूळ कोरडेच राहते. ताई म्हणायची, रोज पाणी घालते तरी झाड माना टाकते. कारण हेच.

आम्ही बाहेरची मुळे कात्रीने छाटली आणि तिसरा हिस्सा जुनी माती झाडून टाकली. भोकावर खापरीचा तुकडा ठेवला. नवी भर केली ती अशी: दोन घमेली माती, एक घमेले कुजलेले शेणखत आणि एक घमेले जाड वाळू. मूल-सिंदेवाही हा धानाचा पट्टा, तिकडचे भाताचे तूस मिळाले, तेही दोन ओंजळी मिसळले. माती मोकळी राहते.

प्रेसमडबद्दल कबुली द्यायला हवी. दोन वर्षांपूर्वी मीच मोठ्या दिमाखात कारखान्यावरून ताज्या प्रेसमडचे पोते नेले होते आणि तसेच कुंड्यांत भरले होते. ताजे प्रेसमड कुजताना तापते. पाच गुलाब जळाले! ढीग करून, ओल राखून, अधूनमधून पालथे घालून तीनेक महिने कुजवले तरच ते खत. या खेपेला कुजलेले नेले, आणि तेही मूठ-मूठच दिले.

प्रत्येक झाडाचा हिशोब मात्र वेगळा. गुलाबाची छाटणी दसरा ते दिवाळीच्या दरम्यान करावी, सहा-सात आठवड्यांत फूल येते. मोगऱ्याला आता कात्री लावू नये, त्याची छाटणी थंडीत. शेवंती कळीवर असेल तर कुंडी बदलू नये, वरची माती हलवून खत द्यावे आणि काठीचा आधार द्यावा. ताईची शेवंती दोन वर्षे नुसतीच वाढत होती, फूल नाही. मी संध्याकाळी पाहिले तर कुंडी व्हरांड्याच्या दिव्याखाली, आणि दिवा रात्रभर चालू. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. उसाला तुरा येण्याचा संबंधही दिवस-रात्रीच्या लांबीशी आहे, हे आपण जाणतोच. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवली. दिवाळीनंतर ताईचा फोन आला, कळ्या धरल्या म्हणून.

फुटक्या माठांत मेथी, पालक आणि सांबार पेरला. सांबार म्हणजे तिकडे कोथिंबीर, हे आपल्याकडच्या माणसाने ध्यानात ठेवावे, नाहीतर ताटात भलतेच शोधाल. धने चपलेने रगडून दोन फाकी करून पेरावेत. झेंडूचे बी विकत आणले नाही. दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुले कुस्करून टाकली. संकरित जातीचे फूल दुसऱ्या पिढीत हुबेहूब येईलच असे नाही, पण अंगणापुरते चालते. पानांवर कोळशाची काळी धूळ बसते, ती आठवड्यातून एकदा सकाळी पाण्याने धुवावी.

तुळस शेवटी घेतली. मंजिऱ्या खुडल्या, माती बदलली, वृंदावनाला गेरू लावला. निघताना ताई म्हणाली, “पुढच्या खेपेला पोतं नको आणूस. तुळशीच्या लग्नाआधी ये आणि आपल्या मळ्यातले पाच ऊस घेऊन ये. इथं बाजारात मिळतात, पण ते आपले नव्हेत.” कार्तिक शुद्ध एकादशीला ऊस घेऊन पोचलो. मेथीची पहिली खुडणी झालेली होती.