चालू मशीनवर डेबियनची आवृत्ती बदलताना

मागच्या वेळी आपण डेबियन बसवलं. आज तेच मशीन, काही न पुसता, बाराव्या आवृत्तीवरून तेराव्यावर कसं न्यायचं ते बघू. बारावी 'बुकवर्म' 10 जून 2023 ला आली, तेरावी 'ट्रिक्सी' 9 ऑगस्ट 2025 ला. दोन्ही पावसाळ्यात! आणि पावसाळ्यात रत्नागिरीत वीज कशी जाते, ते तुम्हाला सांगायला नको.

हे काम कौलं परतण्यासारखं आहे. माणसं घरातच आणि छप्पर अर्धं उघडं. एका वाचनालयात आम्ही हे केलं, तेव्हा मध्येच वीज गेली, पाठोपाठ इन्व्हर्टरही बसला. पुस्तकांच्या नोंदींचा बॅकअप घेतलेला नव्हता. नोंदी वाचल्या, पण ती आमची हुशारी नव्हे, नशीब.

म्हणून आधी बॅकअप: 'होम', 'ईटीसी' आणि डेटाबेस, तिन्ही बाहेरच्या डिस्कवर. मग मशीन 32 बिटचं आहे का ते पाहा. ट्रिक्सीत 32 बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही बंद झालेत. तसं मशीन बारावरच ठेवा. अकरावर असाल तर आधी बारावर या. मधली आवृत्ती गाळता येत नाही.

आता कृती. बारावी आवृत्ती पूर्ण अद्ययावत करा. बाहेरून जोडलेले पॅकेज-स्रोत बंद करा. स्रोतांच्या यादीत 'बुकवर्म'च्या जागी सगळीकडे 'ट्रिक्सी' लिहा आणि 'एपीटी अपडेट' चालवा.

पुढचं दोन टप्प्यांत करायचं. आधी 'एपीटी अपग्रेड', 'विदाउट न्यू पॅकेजेस' हा पर्याय देऊन: नवं काही न आणता, जुनं न काढता जेवढं बदलतं तेवढं बदलतं. मग 'एपीटी फुल-अपग्रेड': हे गरजेप्रमाणे पॅकेजेस काढतंही. काढायची यादी तो आधी दाखवतो. ती वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका. तुम्ही बदललेल्या सेटिंग फाइलबद्दल विचारलं, तर फरक बघा. शंका असेल तर आपली जुनी ठेवा. शेवटी रीबूट.

मध्येच वीज गेली तर? घाबरून सगळं पुसू नका. मशीन चालू करून आधी डीपीकेजीला 'कॉन्फिगर' पर्यायाने अर्धवट पॅकेजेस पुरी करायला सांगा, मग एपीटीचा 'फिक्स-ब्रोकन'. वाचनालयातलं मशीन असंच उठलं.

आज्ञा काय, पाच-सहाच आहेत. पण पहिली देण्याआधी स्वतःला विचारा: आत्ता वीज गेली, तर काय जाईल? उत्तर 'फक्त वेळ' असेल, तरच एंटर दाबा.