सहल त्यांची, आखणी तुमची

प्रत्येक कुटुंबात एक तरी बाई अशी असते, की कुठे जायचे ठरले रे ठरले की सगळे तिच्याकडे बघतात. गाडी कितीला सुटते, बरोबर दशम्या घ्यायच्या की वाटेत जेवायचे, आजींना खालचा बर्थ मिळेल का, उतरल्यावर रिक्षावाला किती मागेल, हे सारे तिलाच विचारायचे. मावसबहिणीच्या नणंदेपर्यंत तिचा लौकिक गेलेला असतो. बिचारी दुपारची झोप मोडून, चार ठिकाणी फोन करून सगळे जुळवून देते. सहल झकास होते. आणि मंडळी परतल्यावर तिच्या हातात काय पडते? पेढ्यांचा पुडा, नाहीतर 'तुला काय गं, आवडच आहे' हे वाक्य!

मैत्रिणींनो, ह्या आवडीचा उद्योग होऊ शकतो. फोन, वही आणि घरातला एक कोपरा एवढ्यावर सुरू होणारे जे थोडे व्यवसाय आहेत त्यांतला हा एक. मात्र आपण काय विकणार, हे पहिल्यांदा मनाशी पक्के करायला हवे. तिकिटे नव्हेत, हॉटेलच्या खोल्याही नव्हेत. आपण विकणार ती आखणी. ह्या एका गोष्टीत गल्लत झाली की पुढे पैशांचे आणि नात्यांचे असे घोटाळे होतात, की नको ती हौस असे वाटू लागते.

'अहो, पण एवढ्या मोठमोठ्या सहलकंपन्या असताना आमच्याकडे कोण येणार?' ही शंका पहिल्याच दिवशी येते. त्या कंपन्यांची कामगिरी मोठी आहे, यात वाद नाही. १९८४ पासूनच्या केसरीने कितीतरी मराठी घरांना बिनघोर बाहेर पडायची सवय लावली. २०१३ मध्ये निघालेल्या वीणा वर्ल्डच्या खास बायकांच्या सहलींचे नाव तर भिशीत हमखास निघते. पण चाळीस माणसांची बस एकाच घड्याळावर चालते. ज्यांना मधुमेहामुळे ठरल्या वेळी दोन घास खावेच लागतात, ज्यांच्या मुलाला गर्दी सोसत नाही, ज्या निवृत्त शिक्षिकेला एकाच गावी चार दिवस निवांत राहायचे आहे, त्या माणसांनी काय करावे? ती माणसे तुमची.

आधी ऐका, मग आखा

पहिल्या भेटीत नकाशा उघडू नका. प्रश्न विचारा, आणि ते थोडे खाजगीच असतात. गुडघे कसे आहेत? जिने चढवतात का? भारतीय पद्धतीचा संडास चालेल की कमोडच हवा? रात्री किती वेळा उठावे लागते? घरात उपास कुणाला, कांदा-लसूण कुणाला वर्ज्य? ह्या गोष्टी पुरुष मंडळी सांगत नाहीत, आणि सासूबाई सुनेदेखत बोलत नाहीत. म्हणून शक्य तर घरी जाऊन, स्वयंपाकघरातल्या माणसाशीही बोलावे.

नावाचाही प्रश्न असतोच. आधार कार्डावर सासरचे नाव, पासपोर्टावर माहेरचे, आणि घरात हाक मारायला तिसरेच! परदेशी विमानाचे तिकीट पासपोर्टावरच्या नावाप्रमाणेच हवे; स्पेलिंगमधली चूकही पुढे महागात पडते. पासपोर्टाची मुदतही पाहून घ्यावी, कारण कित्येक देशांना ती अजून सहा महिने तरी शिल्लक असलेली लागते.

अष्टविनायकाचा धडा

आखणी म्हणजे नेमके काय, ते पाहायला अष्टविनायकासारखे दुसरे उदाहरण नाही. समजा, दादरच्या एका घरातली पाच माणसे निघाली आहेत आणि आजी बहात्तर वर्षांच्या आहेत. परंपरेप्रमाणे जायचे तर मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव हा क्रम. शेवटी पुन्हा मोरगाव. आता नकाशा बघा. सिद्धटेक भीमेकाठी दौंडच्या बाजूला, आणि पाली-महड घाट उतरून रायगड जिल्ह्यात! म्हणजे खाली जाऊन पुन्हा वर. म्हणून पहिला प्रश्न हाच: क्रम शास्त्राचा हवा की रस्त्याचा? हे आपण ठरवायचे नाही. आजींनी ठरवायचे.

आजींनी रस्त्याचा चालेल म्हटले, तर मुंबईहून महड आणि पाली आधी, मग पुण्याकडे चढून थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, तिथून रांजणगाव, आणि शेवटी जुन्नर भागातले ओझर नि लेण्याद्री. परतताना माळशेज घाटाने कल्याणला उतरता येते. पण पावसाळ्यात त्या घाटात धुके असते, दरडी कोसळतात. तेव्हा घरी यायला दुसरी वाट वहीत लिहिलेली असावी. दोन दिवसांत ही यात्रा उरकणारे पुष्कळ आहेत. आजी बरोबर असतील तर तीन दिवस आणि दोन मुक्काम धरा, आणि दुसरा मुक्काम ओझरला करा. का? कारण लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. भर दुपारी बारा वाजता त्या पायऱ्यांशी आजींना उभे करणारी आखणी कागदावर कितीही सुबक दिसली तरी वाईटच. ओझरहून सकाळी लवकर निघावे, उन्हाच्या आत चढून यावे, चढवत नसेल तर डोलीची चौकशी पायथ्याशी करावी, आणि माकडांमुळे प्रसादाची पिशवी उघडी हातात ठेवू नये. संकष्टीला, त्यातून अंगारकीला तर, ह्या वाटेला नेऊच नका. अर्थात आजींचा हट्टच त्या दिवसाचा नसेल तर.

असेच छत्रपती संभाजीनगरचे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा काढणाऱ्या घराने रविवारी वेरूळ पाहिले आणि सोमवारी शंभर किलोमीटर जाऊन अजिंठ्याच्या बंद दारापाशी उभे राहिले, तर दोष कुणाचा? रविवारी अजिंठा नि सोमवारी वेरूळ, एवढी अदलाबदल लिहून देण्याचे तुम्ही पैसे घेता. दिसायला ही एकच ओळ असते. पण ती ठाऊक असावी लागते.

तिकिटांपासून चार हात दूर

आता जरा कडक शब्दांत. आयआरसीटीसीच्या आपल्या खात्यावरून घरच्यांची, नातलगांची, मैत्रिणींची रेल्वेची तिकिटे काढायला हरकत नाही. पण त्याच खात्यावरून गिऱ्हाइकांची तिकिटे काढून वर पैसे घेणे हा गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यातल्या १४३ व्या कलमाखाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'शेजारच्या बाई तर सर्रास करतात' हे उत्तर तिथे चालत नाही. एकतर रीतसर एजंट व्हा, नाहीतर तिकिटे गिऱ्हाइकानेच स्वतःच्या खात्यावरून काढावीत.

मग तुमचे काम काय? त्याला तयार करण्याचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडते (पूर्वी एकशेवीस होते, अजून पुष्कळांना तेच वाटते). तेव्हा कोणत्या तारखेला सकाळी आठ वाजता बसायचे, ते त्याला लिहून द्या. तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलित डब्यांचे दहाला आणि बाकीचे अकराला. जुलै २०२५ पासून त्यासाठी खात्याची आधार पडताळणी झालेली लागते. ती आठवडाभर आधीच करून घ्यायला सांगा. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना आणि साठीपुढच्या पुरुषांना खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो, पण तो एकट्याच्या किंवा दोघांच्या तिकिटावर. सबंध घराचे एकच तिकीट काढले की आजींचा तो हक्क गेला, मग मधल्या बर्थवरून खाली बघत बसावे लागते! पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हेही सांगावे लागते, कारण आजोबा तिचा हिशेब धरूनच बसलेले असतात. उलट एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट आहे, ते मात्र लक्षात नसते.

खोल्यांच्या पैशांचेही तेच. आगाऊ रक्कम गिऱ्हाइकाने थेट हॉटेलला द्यावी. एका बाईंची हकिगत ऐका. भिशीतल्या बारा जणींची कोकणसहल त्यांनी ठरवली आणि आगाऊ पैसे स्वतःच भरले. निघायला तीन दिवस असताना चौघींनी अंग काढून घेतले. हॉटेलने पैसे परत दिले नाहीत, चौघींनी 'आम्ही आलोच नाही तर कशाचे द्यायचे?' म्हणून हात वर केले. भुर्दंड कुणाला पडला, ते सांगायला नको. पैसे घरखर्चातून गेले, शिवाय भिशी मोडली ती मोडलीच.

फसवणुकीचीही धास्ती आहे. स्वस्त खोलीची जाहिरात दिसली तर त्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन लावून चौकशी करावी, दोन दिवसांनी पुन्हा लावावा. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची खोटी संकेतस्थळे तर दर हंगामात निघतात. २०२३ पासून हे आरक्षण आयआरसीटीसीच्या हेलियात्रा ह्या संकेतस्थळावर होते, हे गिऱ्हाइकाला ठणकावून सांगा.

'नाही' म्हणायची पाळी

केदारनाथावरूनच आठवले. गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरची चढण, देऊळ समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटरवर. तिथे हवा विरळ. हृदयविकार असलेल्या आजोबांना चार दिवसांत चार धाम करायचे आहेत, मुलगा म्हणतो 'होईल हो, हेलिकॉप्टर आहे ना!' अशा वेळी डॉक्टरांची चिठ्ठी आल्याखेरीज आखणीला हात लावू नये. हेलिकॉप्टरने चालणे वाचते. उंची काही कमी होत नाही. उलट हळूहळू चढून जाताना शरीराला जी थोडी सवय होते, तीही होत नाही. एखादे गिऱ्हाईक रागावून गेले तर जाऊ द्या.

एक वेगळे गिऱ्हाईक

आपल्याकडे एक काम मात्र वाढते आहे आणि ते बायकांना फार छान जमते. ते म्हणजे मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आई-वडील. पहिलाच विमानप्रवास, इंग्रजी जेमतेम. त्यांना प्रेक्षणीय स्थळे नकोत, धीर हवा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवायची. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत. लोणच्याची बरणी मोठ्या सामानात, कारण जवळ बाळगायच्या बॅगेत शंभर मिलिलीटरच्या वरचे पातळ पदार्थ चालत नाहीत. डिंकाच्या लाडवांसाठी खोबऱ्याच्या वाट्या न्यायचा बेत असेल तर रद्द करा. सुके खोबरे विमानतळावर अडवतात, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणारे मानले जाते. ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ तिकडचे अधिकारी काढून घेतात. अमेरिकेत उतरून पुढे दुसरे विमान असेल तर सहसा पहिल्याच विमानतळावर सामान उचलून पुन्हा द्यावे लागते. ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. मुलीचा पत्ता आणि फोन इंग्रजीत, दोघांच्याही खिशात वेगवेगळा.

फी किती आणि कशी

लाजू नका. एका आठ दिवसांच्या आखणीला फोन, शोधाशोध आणि फेरफार धरून पंधरा तास गेले, आणि तासाला दोनशे रुपये धरले, तर तीन हजार होतात. हाच हिशेब गिऱ्हाइकाला दाखवा. अर्धे पैसे कामाला हात घालण्यापूर्वी, अर्धे कागद हातात देताना. बदल किती वेळा फुकट करून देणार, तेही आधीच सांगा. मला विचाराल तर दोनदा. हॉटेलवाले कमिशन देऊ करतात. घ्यायचे तर गिऱ्हाइकाला सांगून घ्या. माझे मत, घेऊच नये. फी देणाऱ्याला तुमचा सल्ला त्याच्याच बाजूचा आहे, ही खात्री हवी.

सरकारदरबारची उद्यम नोंदणी आधार कार्डावर विनामूल्य होते. नोंदणी करून देतो म्हणून पैसे मागणारे असतात, त्यांना देऊ नका. सेवा देणाऱ्यांची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत साधारणतः जीएसटीची नोंदणी लागत नाही. तरी मिळकतीची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा आणि वर्षातून एकदा एखाद्या हिशेबनीसाला दाखवा.

आणि नातेवाईक? खरी परीक्षा तिथेच. पुण्याच्या एका ओळखीच्या बाईंनी त्यावर तोडगा काढला आहे. चुलत जाऊबाईंचा फोन आला, की त्या गप्पा मनसोक्त मारतात, कुठे काय छान आहे तेही सांगतात. मग विचारतात, 'वहिनी, तारीखवार कागद हवाय का? त्याची फी आहे, तुम्हाला निम्मी लावीन.' पहिल्यांदा दोघीतिघी नाराज झाल्या. एकीने तर दिवाळीत फराळाचा डबाही पाठवला नाही. पुढच्या मे महिन्यात मात्र तिचाच फोन आला: 'अगं, राजस्थानला निघालोय आम्ही सहाजण. तुझा तो कागद कितीला असतो?'