लोकनृत्य स्पर्धेत नाव कोणाचे?



पुणे जिल्हा परिषदेच्या यशवंतराव चव्हाण कला व क्रीडा महोत्सवाची तयारी सुरू झाली, की माझ्या टेबलाभोवती गर्दी होते. "बाई, लोकनृत्यात मला घ्या!" घ्यायला मलाही आवडेल, पण स्पर्धा म्हटली की नियम आलेच. नियम नुसते पाठ करायचे नसतात, ते का केले हे समजून घ्यायचे असते. म्हणून ते इथे भिंतीवर लावते आहे. वाचा, आणि घरी आईवडिलांनाही सांगा.

प्रथम स्पर्धेच्या पायऱ्या पाहू. जवळपासच्या काही शाळा मिळून एक केंद्र होते आणि काही केंद्रे मिळून एक बीट. केंद्रात पहिला आलेला संघ बीटात जातो, तिथून तालुक्याला आणि तालुक्यातून जिल्ह्याला. विसापूर चढताना मधली वाट गाळून एकदम वर जाता येते का? इथेही तसेच आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. संघातले मूल त्याच शाळेचे असले पाहिजे. हा नियम का केला? समजा, एखाद्या शाळेने दुसरीकडची चांगली नाचणारी मुले आणून उभी केली, तर खऱ्या विद्यार्थ्यांवर अन्याय होईल. म्हणून शाळेचा बोनाफाईड दाखला द्यावा लागतो. अमुक विद्यार्थी आमच्याच शाळेत शिकतो, असे मुख्याध्यापक त्यात सही-शिक्क्यानिशी लिहून देतात. हा दाखला शाळेच्या जनरल रजिस्टरवरून देतात. तुमचे नाव आणि जन्मतारीख त्यात लिहिलेली असते.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. दिवाळीनंतर आपल्या वर्गात एक मुलगी आली. तिचे आईवडील वीटभट्टीवर काम करतात. परवा सरावाच्या वेळी कोणीतरी म्हणाले, "बाई, तिला नका घेऊ. ती आपल्या शाळेची थोडीच आहे? पावसाळ्याआधी जाईल निघून." ती खाली मान घालून बाजूला जाऊन बसली.

मुलांनो, नियम काय म्हणतो ते नीट पाहा. किती वर्षे शिकलात, घर गावात आहे की भट्टीवर, असे तो विचारत नाही. रजिस्टरात नाव आहे का, एवढेच विचारतो. तिचे नाव आहे. ज्या दिवशी ते लिहिले, त्या दिवसापासून ती आपल्या शाळेची झाली. आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि जन्माचा दाखला नाही म्हणूनही नाकारता येत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे. जन्माचा दाखला नसेल तर अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांनी लिहून दिलेले चालते. तेव्हा "ती आपली नाही" हे वाक्य आपल्या वर्गात पुन्हा ऐकू येता कामा नये.

यानंतर गट. लहान गट वेगळा, मोठा गट वेगळा. तिसरीतल्या मुलीची सातवीतल्या मुलीशी तुलना करणे बरे नाही. म्हणून जन्मतारीख आणि इयत्ता आधी तपासून घ्यायची.

मग संख्या आणि वेळ. आपल्या महोत्सवाचे आकडे परिपत्रकात येतात, ते आले की फळ्यावर लिहीन. नमुना म्हणून मोठ्यांच्या स्पर्धेचे नियम सांगते. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवक महोत्सवात कॉलेजची मुले लोकनृत्य करतात. तिथे नाचणारे जास्तीत जास्त १०, गाणारे-वाजवणारे साथीदार जास्तीत जास्त ५ आणि वेळ फार तर १० मिनिटे. नाच लोकनृत्य किंवा आदिवासी नृत्य असावा, शास्त्रीय चालत नाही. नाचाचा विषय आणि गाण्याचे शब्द कागदावर लिहून त्याच्या ३ प्रती आधी द्याव्या लागतात, म्हणजे परीक्षकांना गाणे कळते.

यावरून आपणही धडा घ्यायचा. सराव घड्याळ लावून करायचा. गाणे निवडताना ते कुठले, कोणाचे आणि कधी म्हणतात हे सांगता आले पाहिजे. कोळीनृत्य, धनगरांचे गजनृत्य, वारल्यांचे तारपा नृत्य, आपल्या आयाबायांची फुगडी नि झिम्मा, ही सगळी लोकनृत्येच. सिनेमातले गाणे आवडत असले तरी ते स्नेहसंमेलनाला ठेवू या.

गुण कशाला मिळतात? त्या मोठ्या स्पर्धेत ताल, रचना, चेहऱ्यावरचे भाव, वेशभूषा, रंगभूषा आणि एकूण परिणाम पाहतात. म्हणजे वेशभूषा हा एक भाग झाला, सगळे काही नव्हे. नवे कपडे भाड्याने आणायला पैसे नाहीत म्हणून कोणी नाव मागे घेऊ नका. आजीचे जुने लुगडे नीट नेसले तर छान दिसते. ताल चुकला, तर जरीचे लुगडेही वाचवत नाही.

आणि ज्यांची निवड होणार नाही त्यांचे काय? आपल्या भाजे लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे एक शिल्प आहे. एक बाई नाचते आहे आणि तिच्याजवळ दुसरी वाद्य वाजवते आहे. कोरणाऱ्याने दोघींनाही जागा दिली. साथीवाचून नाच उभा राहत नाही. आपल्यालाही ढोलकी, टाळ आणि गाणारे गळे हवेत. तेव्हा नाचायला नाही मिळाले तर रुसून बसू नका, साथीला या.

नाव देणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत पालकांची संमतीची चिठ्ठी आणावी. ज्यांच्या पालकांना लिहिता येत नाही, त्यांनी पालकांना सोबत आणावे. चिठ्ठी मी लिहीन, त्यांनी अंगठा दिला तरी चालेल. वीटभट्टीवरच्या पालकांना कामामुळे येता येणार नाही, तिथे मी स्वतः जाऊन येईन.

— तुमच्या वर्गशिक्षिका